उंच हँडल

तिला सगळा भाग सुईवाली म्हणून ओळखायचा. खरं नाव लॅबच्या ओळखपत्रावर होतं, पण ते पत्र पर्समध्ये उलटं पडलेलं. उजाडता उजाडता घरोघरी माणसं उपाशीपोटी बसलेली असायची, आणि जिन्यात बुटांचा आवाज आला की आतून कुणीतरी म्हणायचं, "आली सुईवाली, बाही वर कर." खांद्याला थंड पेटी, पेटीत नळ्या, खिशात रबरी पट्टा. लहान मुलं तिला बघून पलंगाखाली शिरायची. मोठ्या माणसांना तेवढी सोय नव्हती, म्हणून ती खुर्चीत बसून छताकडे बघायची.

हात मात्र तिचा हलका. दंडाला पट्टा बांधला की डोळे अर्धे मिटून बोट फिरवत राहायची, आणि हरवलेली किल्ली सापडल्यासारखी म्हणायची, "मिळाली." पुढचं कळायच्या आत संपलेलं असायचं. ज्यांच्या शिरा भल्याभल्यांना सापडत नसत अशी म्हातारी माणसं लॅबला फोन करून बजावायची, की तीच पाठवा, दुसरी आली तर आम्ही दार उघडणार नाही.

अंगानं बुटकी. खुर्चीत बसली तर पाय जमिनीला लागायला पुढे सरकावं लागायचं. आणि अशी ही बाई, उंच माणसासाठी जुळवलेल्या मोटरसायकलवरून हिंडायची.

गाडी नवऱ्याची. तो लिफ्ट दुरुस्त करणारा. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट अडकल्या की त्याला बोलावणं यायचं, आणि स्वतः राहायचा तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. लोक चेष्टा करायचे. तो म्हणायचा, "दिवसभर दुसऱ्यांना वर चढवतो, आपल्या पायांना काहीतरी काम नको का?" ताडमाड उंच, हात गुडघ्यापर्यंत. लग्नाच्या वर्षी गाडीचं मूळचं हँडल काढून त्यानं आडवं, खाली बसलेलं हँडल आपल्या हातानं लावलं होतं. गाडीवर तो बसायचा नाही, ओणवा व्हायचा. मागे बसून तिनं जगातलं काही पाहिलं असेल तर त्याच्या शर्टाची पाठ. कुठे फिरून आलात असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "ह्यांना विचारा, मला चौकडीचा शर्ट दिसला."

मग एका सकाळी दाढी करताना त्याच्या डाव्या हातातून आरसा निसटला. तो उचलायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. दवाखान्यातून परत आणला तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून वर चढवला. डावा हात, डावा पाय लोंबत होते. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, पण जिना उतरणं काही त्याच्याकडून होईना. चालायचा तो पलंगापासून गॅलरीपर्यंत, भिंतीला धरून. व्यायामवाला घरीच यायचा. औषधाची चिठ्ठी घेऊन दवाखान्यात ही एकटीच जायची.

लॅबवाल्या डॉक्टरांची अट अशी, की सकाळच्या फेरीला स्वतःची गाडी हवी. त्या वेळी बस नसायची. त्यानंच गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली. म्हणाला, "उभी राहिली तर मरेल ती. चालव तू. मी परत बसेपर्यंत जिवंत ठेव."

चालवायला तिला येत होतं. लग्नानंतर मैदानावर त्यानंच शिकवलं होतं, मागे धावत, ओरडत. पण मैदानावर दोन चकरा मारणं वेगळं आणि रोज सकाळी पेटी खांद्याला लावून शहरभर हिंडणं वेगळं. हँडल गाठायला तिला टाकीवर छातीच ठेवावी लागायची. सगळ्या अंगाचा भार मनगटांवर. मान वर करून रस्ता बघायचा म्हणजे कासवासारखं. महिना गेला नाही तोच कंबरेत उसण भरली, मग पाठीच्या मधोमध, मग खांद्यांत. संध्याकाळी घरी आली की दाराची चौकट धरून उभी राहायची आणि मग आत यायची.

तेव्हा त्यानं म्हटलं, "ये इकडे, बस पाठ करून." मलमाची नळी घेतली आणि उजव्या हातानं पाठ चोळून दिली. पलंगाच्या कडेला ती, मागे उशीला टेकून तो. रोजचंच झालं ते. व्यायामवाल्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "डाव्यानं चोळा. उजव्याला कशाला कौतुक?" मग डावा हात तिच्या पाठीवर ठेवायचा आणि उजव्यानं तो ढकलायचा, असं सुरू झालं. ओल्या फडक्यासारखा तो हात. पण त्याला काम मिळालं होतं. दिवसभर घरात बसून भिंतीचे पोपडे मोजणाऱ्या माणसाला संध्याकाळची वाट बघायला काहीतरी होतं.

हँडलचं तिनं एकदा विचारून बघितलं होतं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. चोळून घेता घेताच म्हणाली, "अहो, हँडल जरा उंच करून घेतलं तर? मिस्त्री म्हणत होता, अंगाकडे वळलेलं मिळतं. सरळ बसून चालवता येईल."

पाठीवरचा हात थांबला.

"मग मी कसा चालवू?" तो म्हणाला.

"तुम्ही चालवायला लागलात की परत बदलू."

"म्हणजे मी चालवायला लागेन असं तुला वाटत नाही."

"असं कुठं म्हटलं मी?"

"थोडे दिवस काढ गं. माझं सगळं काढून घेतलंय देवानं, तेवढं एक राहू दे. हँडलला हात लावू नकोस."

ती म्हणाली, "बरं, नाही लावत." आणि तेव्हा ती खरं बोलत होती.

ते खरं महिनाभर टिकलं. मग बोटं बधिर व्हायला लागली. मनगटावर भार देऊन तासभर गाडी चालवली की तळव्यात मुंग्या यायच्या, आणि अंगठ्याजवळची दोन बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वाटायची. एका आजींच्या दंडावर ती बोट फिरवत राहिली, फिरवत राहिली, आणि तिला काही लागेना. अंदाजानं सुई टोचली, चुकली. परत टोचली, परत चुकली. आजींनी आवाज केला नाही. नुसतं हात मागे घेऊन दंडावर बाही ओढली आणि म्हणाल्या, "राहू दे पोरी. आज दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

त्या घरातून बाहेर पडल्यावर ती गाडी घेऊन सरळ मिस्त्रीकडे गेली. घरी विचारायला गेली असती तर काय उत्तर मिळेल हे तिला माहीत होतं, म्हणूनच गेली नाही. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला सांगायची, की त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. पण डोकं चांगलं ठिकाणावर होतं. उंची किती हवी, टोकं किती मागे हवीत, सगळं तिनं शांतपणे सांगितलं होतं.

मिस्त्री बडबड्या माणूस. तिला गाडीवर बसवून खांद्यापासून मापं घेतली. "ताई, हात असे सैल पडायला पाहिजेत. चहाचा ट्रे धरल्यासारखे." जुन्या हँडलचे नट सोडवले, आरसे काढले, बटणं काढली. उजवी ग्रिप हवा मारून निघाली. डावी काही निघेना.

"चिकटलीय," तो म्हणाला. "कापावी लागेल."

"नाही कापली तर?"

"नाही कापली तर इथंच बसून राहू दोघं."

त्यानं ब्लेड घेतलं आणि ग्रिप उभी चिरली. आतलं रबर नवंकोरं काळं निघालं. बाहेरचं त्याच्या तळव्यानं घासून घासून गुळगुळीत झालेलं. आंबा सोलावा तशी ती सोलून त्यानं डब्यात टाकली. डाव्या हाताची ग्रिप. तिनं मान फिरवून रस्त्यावरच्या गाड्या बघितल्या.

उंच हँडलला क्लचची वायर पुरेना, रेसची पुरेना. दोन्ही लांब टाकल्या. गाडी चालू ठेवून मिस्त्रीनं हँडल डावीकडे पूर्ण फिरवलं, उजवीकडे पूर्ण फिरवलं, कान लावून ऐकलं. "वळताना रेस वाढली तर समजायचं वायर ताणतेय. नाही वाढत. जा आता महाराणीसारखी."

आणि खरंच तसं वाटलं. पहिल्यांदाच तिला रस्ता सगळा दिसला. दुकानांच्या पाट्या, खिडक्यांतली माणसं. खांदे खाली, कोपरं सैल, पाठ ताठ. एका वळणावर तर ती गुणगुणली आणि लगेच गप्प झाली, कारण हे सुख तिनं पलंगाला खिळलेल्या माणसाच्या खिशातून काढून घेतल्यासारखं वाटलं.

गाडी एरवी गॅलरीखाली लागायची. त्याला वरून दिसावी म्हणून. त्या दिवशी तिनं ती इमारतीच्या मागे, खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून उभी केली. वर येऊन म्हणाली, "पुढे झाडावरचे पक्षी फार घाण करतात हो सीटवर. मागे लावली."

"बरं केलंस," तो म्हणाला.

खालच्या काकूंनी खिडकीतून सगळं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "शिंगं छान आहेत गं गाडीला. वर दाखवलीस?"

"दाखवीन काकू. तुम्ही बोलू नका काही."

"मी कशाला बोलू? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून मी जिनाच चढत नाही तुमचा."

आठवड्यात तिची पाठ साफ बरी झाली. बोटांत जीव आला. त्या आजींनी परत बोलावलं, आणि पहिल्याच टोचणीत नळी भरली. सगळं कसं छान होतं, आणि संध्याकाळी तिला घरी जाऊ नये असं वाटायचं.

एका संध्याकाळी तो मलमाची नळी घेऊन तयार बसला होता तेव्हा ती सहज बोलून गेली, "आज नको. आज बरं वाटतंय."

"बरं वाटतंय?"

"हो."

"वा," तो म्हणाला. नळीचं टोपण उघडलेलं होतं. ते परत लावायला त्याला डाव्या हातात नळी धरता येईना, म्हणून मांडीत धरली, ती घसरली, परत धरली. बराच वेळ तो त्या टोपणाशी झटत राहिला. वर बघितलं नाही. मग म्हणाला, "मग आता मी काय करू?" हसूनच म्हणाला. पण विचारलं ते खरंच.

दुसऱ्या दिवशी ती दाराची चौकट धरून उभी राहिली. "आई गं," म्हणाली. "कालचं काही खरं नव्हतं. परत भरलीय."

त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो बघून तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग रोजचं नाटक. जिना चढताना शेवटच्या वळणावर चाल मंद करायची. आत आल्यावर सुस्कारा टाकायचा. पलंगाच्या कडेला पाठ करून बसायचं आणि दुखत नसलेल्या जागी दुखतंय म्हणून सांगायचं. कधी चुकायची.

"काल उजवीकडे होतं ना?" तो विचारायचा.

"सरकलं."

"फिरतं का ते?"

"माझ्यासारखंच, घरोघरी."

तो हसायचा आणि डावीकडे चोळायचा. हँडलवर बोलणं निघायचंच. तो म्हणायचा, "खाली पडतंय ना तुला ते? फार वाकावं लागतं ना?" आणि ती म्हणायची, "वाकावं लागतं की." एवढं बोलली की रात्री ती अर्धं ताट झाकून ठेवायची. शिरा शोधणाऱ्या तिच्या बोटांना सगळे खरं मानायचे, आणि तिच्या तोंडातून एक शब्द खरा निघत नव्हता. सांगून टाकावं असं रोज सकाळी गाडी चालू करताना ठरवायची. सांगितलं तर तो चोळायचं सोडेल, आणि तेवढ्यावरच तर तो हात हलायला लागलाय, असं रोज संध्याकाळी स्वतःला समजवायची. दुसऱ्याचं भलं पुढे केलं की स्वतःची भीती मागे झाकता येते, हे तिला पक्कं कळत होतं. पण कळून करते काय?

हात मात्र खरंच सुधारत होता. आधी ओल्या फडक्यासारखा होता, मग जड पोत्यासारखा झाला, मग त्यात बोटं वेगळी वेगळी लागायला लागली. व्यायामवाल्यानं अंगठा हलवून बघितला. "हा माझ्या व्यायामानं नाही सुधारला," तो म्हणाला. "काय करता काय तुम्ही?"

नवरा ऐटीत म्हणाला, "घरात पाठ आहे एक. दुखरी."

"दुखू दे मग," व्यायामवाला म्हणाला. तिनं चहा आणायच्या निमित्तानं पाठ फिरवली.

आणि मग एके दुपारी, ती नुकतीच फेरीवरून आली होती, व्यायामवाला त्याला दारापर्यंत चालवून म्हणाला, "परवा जिना उतरायचा. कठडा धरून, सावकाश. मी खालून धरीन."

त्याचे डोळे लहान मुलासारखे झाले. "खाली गेलो की आधी गाडीवर बसणार. चालवणार नाही, घाबरू नका. नुसता बसणार. हँडल धरून."

"अहो, आधी पायऱ्या तर उतरा," ती म्हणाली.

"उतरतो की. खाली गाडी आहे म्हटल्यावर उतरेन."

चपला घालून ती तशीच खाली आली आणि मिस्त्रीकडे गेली. "माझं जुनं हँडल द्या. लावून द्या परत."

मिस्त्री हात पुसत बघत राहिला. "ते कसं देऊ? तुम्हीच म्हणालात, काढून टाका. दिलं की मी ते एका मासेवाल्याला. रोज बाजारात जातो त्या हँडलवरून."

"त्याच्याकडून परत घ्या."

"ताई, हँडल आहे ते, मूल नाही पळवून नेलेलं. तसंच दुसरं आहे माझ्याकडे. हुबेहूब. आजच लावतो, उद्या मी नाही दुकानात."

तसंच दुसरं लावलं. लांब वायरी आता खालच्या हँडलला फार झाल्या. दिव्याच्या पुढे त्यांचा फुगा बाहेर आला. तो आत दाबून मिस्त्रीनं पट्टीनं बांधला. "दिसतो जरा," तो म्हणाला.

"त्यांना दिसेल?"

"लिफ्टवाला माणूस ना तो? दिसेल." मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "अंधारात नाही दिसणार."

दुसऱ्या दिवशीची फेरी लांबची होती. ती परत टाकीवर आडवी झाली. सरळ बसायची सवय लागलेली पाठ पहिल्यापेक्षा दुप्पट कुरकुरली. हँडल पूर्ण फिरवताना वायरचा फुगा आरशाच्या दांडीला घासायचा. शेवटच्या घरी पट्टा बांधायला तळवे उघडेनात. फेरी संपल्यावर लॅबच्या पायरीवर ती बसून राहिली. आपण काय करून बसलो हे तिला दिसत होतं. एका हँडलपायी लबाडी केली, लबाडीपायी नाटक केलं, आणि आता नाटक वाचवायला गाडीलाही सोंग घ्यायला लावलं.

संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या वळणावर चाल मंद करायची तिला आठवण राहिली नाही. ती आपसूकच मंद झाली. दारात "आई गं" म्हणालीच नाही. मुकाट्यानं पलंगाच्या कडेला बसली.

त्याचा डावा हात पाठीवर आला. खांद्याखालून मणक्याकडे सरकला, थांबला. परत वर गेला. अंगठ्यानं एक गाठ दाबून बघितली, तशी ती कळवळली.

अंगठा त्यानं तिथंच ठेवला. मग हळूच म्हणाला, "आज खरंच दुखतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे आज खरं आहे. एवढे दिवस लोण्यासारखी पाठ होती तुझी. लोणी चोळत होतो मी."

"तुम्हाला कळत होतं?"

"पहिल्या दोन दिवसांत कळलं. डोळे नाही गेलेत माझे, हात गेलाय. आणि तोही आता सगळा नाही."

"मग बोलला का नाहीत?"

तो हसला. "काय बोलू? तू कण्हत होतीस, मी चोळत होतो. म्हटलं ही बाई दिवसभर दुसऱ्यांच्या शिरा शोधून दमून येते आणि घरी येऊन माझ्या हातासाठी आजारी पडते. जिन्यात चाल मंद करतेस तेसुद्धा मला ऐकू यायचं. खालचा मजला धाडधाड चढायचीस आणि वरच्या मजल्यावर म्हातारी व्हायचीस." त्यानं तिच्या खांद्यावर कपाळ टेकवलं. "असं कुणी केलं नसतं माझ्यासाठी. रोज मनात यायचं, आपली काय लायकी."

इथं तिला सुटता आलं असतं. नुसतं गप्प राहिली असती तरी पुरलं असतं. त्यानं स्वतःच तिच्या लबाडीला मायेचं कापड शिवून दिलं होतं, अगदी मापात. तिनं ते अंगावर घ्यायचं तेवढं बाकी होतं.

"आज कशानं भरली एवढी?" त्यानं विचारलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमचं हँडल मी काढलं."

खांद्यावरचं कपाळ उचललं गेलं. ती मागे वळली नाही. समोरच्या भिंतीकडे बघून तिनं सगळं सांगितलं. बोटं बधिर झाल्याचं, आजींचं, मिस्त्रीचं, गाडी मागे लावत असल्याचं. पाठ उंच हँडलनं बरी झाली हे सांगितलं. आणि काल दुसरं तसलंच हँडल लावून आणल्याचंही सांगितलं.

"कण्हत होते ते तुमच्या हातासाठी नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे होतं. पण आधी ते झाकण्यासाठी होतं. चांगली म्हणू नका मला."

पाठीवरून हात निघाला. तिथं मलम गार लागायला लागलं.

"डावी ग्रिप निघाली?" त्यानं विचारलं. असं काही तो विचारेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

"कापली."

"हं. चिकटवली होती मी ती." त्यानं बोटांवरचं मलम फडक्याला पुसलं. "मी रोज ऐकायचो गाडी येताना. आवाज तोच होता."

"चुकलं माझं."

"हँडल काढलंस ते चुकलं नाही. सांगितलं नाहीस ते चुकलं, पण तेही मी समजू शकतो, मीच तोंड बंद केलं होतं तुझं. पण ते दुसरं आणलंस ना, तसंच दिसणारं," तो थांबला, "ते मला बसवायला आणलंस. जत्रेतल्या घोड्यावर पोराला बसवतात तसं. बसला, खूश झाला, उतरा आता."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, तिलाही रडता आलं असतं. जेवताना त्यानं मीठ मागितलं, पाणी मागितलं, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी व्यायामवाला आला तेव्हा तिला वाटलं, आता हे उतरणारच नाहीत. पण तो बूट घालून बसला होता. कठडा धरून, एकेक पायरी, खालून व्यायामवाला, मागून ती. मधल्या मजल्यांवर थांबून थांबून खाली पोचायला खूप वेळ लागला. खालच्या काकू खुर्ची घेऊन दारात उभ्याच होत्या. "बसा," म्हणाल्या, आणि तिच्याकडे बघून डोळ्यांनीच विचारलं, सांगितलंस का? तिनं डोळ्यांनीच हो म्हटलं.

तो खुर्चीत बसला नाही. इमारतीच्या कडेकडेनं, भिंतीला धरून मागे गेला. गाडीजवळ उभा राहिला. वायरीचा फुगा त्याला लगेच दिसला.

"ही अशी चालवलीस?"

"हो."

"वळताना अडकली असती म्हणजे?" आवाज पहिल्यांदाच चढला. "काय चाललंय काय तुझं? मला खूश करायला मरायला निघाली होतीस? आजच्या आज तुझं लावून घे परत. तोवर हात लावायचा नाही गाडीला, ढकलत ने."

"बरं," ती म्हणाली.

"व्यायामवाले, जरा धरा मला."

व्यायामवाल्यानं कमरेला धरलं. त्याला वाटलं ह्यांना बसायचंय, म्हणून तो त्यांचा पाय उचलायला वाकला. पण नवरा बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं डावा हात नव्या ग्रिपवर ठेवला, बोटं एकेक करून क्लचच्या दांडीवर आणली आणि दाबली. कपाळावरची शीर फुगली. दांडी थोडी आली, थरथरली आणि परत गेली. त्यानं परत दाबली नाही. हात खिशात घालायला गेला, खिसा सापडेना, तसाच लोंबता राहू दिला.

परत चढताना पहिल्या मजल्यावर तो कठड्याला टेकला. व्यायामवाला दोन पायऱ्या खाली उभा होता, ती शेजारी.

"तू बघत होतीस," तो म्हणाला. "क्लच किती आला?"

बराच आला, असं तिच्या तोंडात तयार होतं. कितीतरी दिवसांची सवय होती, जीभ आपोआप वळत होती. तिनं त्याच्याकडे बघितलं. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"अर्धा," ती म्हणाली. आणि असं म्हणताना तिला खोटं बोलण्यापेक्षाही वाईट वाटलं.

"अर्धाही नाही," तो म्हणाला, आणि पुढची पायरी चढण्यासाठी तिच्या खांद्यावर डावा हात ठेवला.